कामी आले

आमच्या माहेरी एक 'पुण्याचे आजोबा' होते. बरीच वर्षं माझी समजूत होती, की ते पुण्याला राहतात आणि कुठल्याशा जुन्या रुसव्यामुळे इंदूरला येत नाहीत. दिवाळीच्या पहाटे न्हाणी उरकली, की फराळाला कोणी हात लावण्याआधी आप्पा एका वाटीत करंजी, एक चकली आणि चिमूटभर चिवडा घालून देव्हाऱ्यापुढे ठेवत. "पुण्याच्या आजोबांचं," एवढंच म्हणत. मग आमची सुटका होई. सहा-सात वर्षांची असताना मी एकदा विचारलं, ते स्वतः का येत नाहीत खायला? केसांचं पाणी टिपत आत्या म्हणाली, "अगं, ते कामी आले ना!" मला वाटलं, कामाला आले होते, काम झालं, परत गेले.

'कामी येणे' म्हणजे लढाईत मरणे, हे मला पुढे कधीतरी कळलं. कोणाच्या कामी, हा प्रश्न मात्र मला पन्नाशी उलटल्यावर पडला. मराठीतला हा प्रयोग मोठा सोयीचा आहे. माणूस मेला हे त्यात सांगितलं जातं, मरण वाया गेलं नाही हेही सांगितलं जातं, आणि मारलं कोणी हे मात्र सांगावं लागत नाही.

देव्हाऱ्यात त्यांचा टाक होता. बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार. नाशिककडच्या लोकांना 'वीर' म्हटलं की लगेच कळेल. घरातला जो पुरुष लढाईत पडला त्याचा टाक करून देवांत बसवायचा, ही तिकडची चाल. आमची मंडळी मूळची चांदवडकडची, होळकरांच्या मागे माळव्यात आली, तेव्हा चालही सोबत आली. टाक घासून घासून झिजला की तीच चांदी मोडून नवा करून घेतात. आमच्या पणजोबांनी तो इंदूरच्या सराफ्यात करून घेतला होता. म्हणजे आम्ही ज्याला पुण्याचे आजोबा म्हणून गंध लावत होतो तो चेहरा सराफ्यातल्या कुण्या सोनाराच्या ठशातला. तोच ठसा त्याने आणखी किती घरांना विकला असेल कोण जाणे.

त्यांच्याबद्दल घरात जे सांगत ते चार वाक्यांत संपतं. होळकरांच्या एका पागेचे ते अधिकारी होते. यशवंतरावांच्या फौजेबरोबर पुण्याला गेले. ऐन दिवाळीत कामी आले. त्यांची बायको तेव्हा महेश्वरला होती आणि तिने पुढची सगळी दिवाळी कडेपर्यंत केली, कारण बातमी पोचायलाच दिवस गेले. हे चौथं वाक्य आत्या सांगायची, आणि दर वेळी सांगताना तिचा आवाज बदलायचा. वंशावळीत त्यांचं नाव आहे, पण आमच्याकडे तेच नाव एक पिढी सोडून पुन्हा पुन्हा ठेवलेलं असल्यामुळे ते इथे लिहून कोणी वेगळा माणूस उभा राहणार नाही.

लढाई कोणाशी होती, हे या चार वाक्यांत कुठेच नाही.

मी हिंदी शाळेत शिकले. होळकर आमच्या पुस्तकात अहिल्याबाईंपुरते आणि नंतर इंग्रजांशी झालेल्या तहापुरते होते. तेव्हा माझ्या डोक्यात शत्रू म्हणजे इंग्रज, यात शंकाच नव्हती. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत मी ठोकून दिलं, की हमारे पूर्वज अंग्रेज़ों से लड़ते हुए शहीद हुए. टाळ्या पडल्या, स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यात साबुदाणा असतो.

खरं काय ते मला सांगितलं माझ्या सासूबाईंनी. त्या ग्वाल्हेरच्या, त्या मात्र ग्वाल्हेर म्हणत नाहीत, 'लष्कर' म्हणतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली तळ टाकला, तो तळ मग उठलाच नाही, त्याचं शहर झालं. जनकगंजमध्ये त्यांचं घर होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी नव्या सुनेच्या उत्साहाने आमच्या पुण्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. सासूबाई अनारसे तळत होत्या.

"साल कोणतं म्हणालीस?"

"अठराशे दोन, आई."

"दिवाळीत? पुण्याला?" झाऱ्याने त्यांनी अनारसा तुपात अलगद सोडला. "मग आमच्याच लोकांनी मारलं असेल त्यांना."

आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, ताटातला सगळ्यात जाळीदार अनारसा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

* * *

मी इतिहासाची बाई नाही. नोकरीभर भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा काढल्याशिवाय मला काही उमगत नाही. निवृत्त झाल्यावर एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला मी नकाशा काढला. महेश्वर, इंदूर, उज्जैन, चांदवड, पुणे. होळकरांना तांबडी पेन्सिल, शिंद्यांना निळी. वाटलं होतं, दोन रेघा दोन दिशांनी येतील आणि पुण्याला भेटतील. तसं काही झालं नाही. दोन लहान मुलांनी एकाच कागदावर एकाच वेळी गिरगोटावं तसा तो नकाशा दिसायला लागला.

सुरुवात पुण्यातूनच होते. १५ ऑगस्ट १७९७ ला तुकोजी होळकर पुण्यात वारले. मुलगे चार. काशीराव आणि मल्हारराव हे औरस, विठोजी आणि यशवंतराव हे अनौरस. थोरल्या काशीरावाची बाजू दौलतराव शिंद्यांनी उचलून धरली. दौलतराव स्वतः तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. महिनाभरात, सप्टेंबरात, भांबुर्ड्याला मल्हाररावांच्या तळावर छापा पडला आणि ते मारले गेले. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर, जिथे आमची इंदूरची बस पहाटे उतरवून द्यायची. मल्हाररावांची बायको गरोदर होती. तिला झालेला खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात राहिला. यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तिथे भोसल्यांनी त्यांना अडकवलं, तिथूनही निसटले. विठोजी सापडले. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात, पेशव्यांच्या हुकुमाने, त्यांना हत्तीच्या पायी दिलं.

इथपर्यंत ही एका घराची कथा आहे. वारस कोण, वाटणी कोणाला, कोणाचं पोर कोणाच्या ताब्यात. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात आणि ती प्रत्येक गावात दोन-चार घरांत चालू असतेच. आमच्या मल्हारगंजात एका जिन्यावरून दोन चुलतभाऊ तीस वर्षं कोर्टात जात होते. फरक इतकाच, की या भावांच्या हाताशी तोफा होत्या.

जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या. ऑक्टोबरात शिंद्यांनी त्याची फेड इंदूरला केली. होळकर हरले, आणि दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने शहर लुटलं, राजवाड्याला आग लावली. राजवाडा तीन वेळा जळला, हे इंदूरमध्ये पानवालासुद्धा सांगेल. तिसरी आग मी स्वतः पाहिली, १९८४ मध्ये, आमच्या गच्चीवरून. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. धूर कोणत्या बाजूला वाकतो आहे हे आप्पा बघत होते, आणि आजी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाहेरचं कोणी आलंय का रे? बाहेरचं कोणी आलंय का?" बाहेरचं कोणी आलेलं नव्हतं. पहिली आग मराठी माणसांनी लावली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी तांबडी रेघ खानदेशातून खाली उतरत पुण्याला येते. २५ ऑक्टोबर १८०२, सोमवार. एका बाजूला यशवंतराव होळकर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाजीरावांची फौज आणि शिंद्यांचे सरदार सदाशिवपंत बक्षी. दौलतराव स्वतः तिथे नव्हतेच. मैदान हडपसर, घोरपडी आणि वानवडीच्या मधलं. वानवडीला आठच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १७९४ मध्ये, महादजी शिंद्यांचा अंत झाला होता. ज्यांच्या धाकाने हे सगळे एका दोरीत होते त्यांच्या दहनाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर ही दोन घरं एकमेकांवर तुटून पडली.

सकाळी तोफा सुरू झाल्या. होळकरांचे स्वार एकदा मागे हटले, तेव्हा यशवंतरावांनी स्वतः घोडा पुढे घालून त्यांना परत वळवलं आणि थेट तोफांवर नेलं. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. यशवंतराव जखमी झाले. पण दिवस होळकरांचा झाला. आमचे आजोबा हे वळून पुन्हा गेलेल्यांत होते, की आधीच पडले होते, ते कळायला काही मार्ग नाही. मला ते वळून गेलेल्यांत असावेत असं वाटतं. घरचा माणूस म्हटल्यावर असं वाटणारच.

यात आणखी एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणू नये. शिंद्यांच्या कवायती पलटणी बांधल्या द बॉयन या सावोयच्या माणसाने. त्यांना 'कंपू' म्हणत. त्या दिवशी त्यांच्यावर डॉस नावाचा गोरा कप्तान होता, तो मेला. होळकरांच्या पलटणींवर हार्डिंग आणि विकर्स हे गोरे होते, त्यांतला हार्डिंग मेला. पलटणींतले शिपाई बरेचसे अवध-रोहिलखंडाकडचे. होळकरांच्या बाजूला अमीरखानाचे पठाणही होते. म्हणजे 'मराठे मराठ्यांशी लढले' हे वाक्यसुद्धा वाटतं तितकं सरळ नाही. भांडण मराठी होतं, त्यातले रक्ताचे थेंब अर्ध्या हिंदुस्थानातून आले होते.

कंपू हा शब्द आता आपण कशासाठी वापरतो? ऑफिसात चार लोक एकत्र डबा खातात आणि पाचव्याबद्दल बोलतात, त्याला. ग्वाल्हेरला मात्र कंपू नावाची वस्ती अजून आहे, सासूबाई तिथे भाजी घ्यायला जायच्या. जिन्सी ग्वाल्हेरलाही आहे आणि इंदूरलाही. जिन्सी म्हणजे तोफखान्याचा जामानिमा. इंदूरला छावणी आहे, तोपखाना आहे, मोती तबेला आहे, पागनीस पागा आहे. मी आयुष्यभर छावणीतून धान्य आणि तोपखान्यातून चपला आणल्या. दोन्ही शहरं एकाच शिंप्याकडून शिवून घेतल्यासारखी आहेत, आणि माणसांची आडनावं बदलली तर एका शहरातली गल्ली दुसऱ्यात सहज खपेल. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नाही. फक्त वरणात साखर नव्हती.

* * *

या लढाईनंतर काय झालं ते शाळेच्या पुस्तकातही असतं. बाजीराव सिंहगडाकडे निघाले, तिथून कोकणात, तिथून वसईला. ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. मी मोजलं, लढाईपासून सदुसष्टावा दिवस. पुढच्या सप्टेंबरात असईला शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर इंग्रजांशी लढायला उठले, त्यांनी मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्यापासून पळता भुई थोडी केली, तेव्हा शिंदे हरून मोकळे झाले होते. १८०५ संपता संपता होळकरांनीही तह केला. जिन्यावरून भांडणाऱ्या त्या दोन चुलतभावांचंही असंच झालं. खटला संपला तेव्हा घर तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं. (हे त्यांनी वाचलं तर त्यांनी राग मानू नये. सगळ्या मल्हारगंजाला ठाऊक आहे.)

माझा मुलगा हे सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे आजोबा इंग्रजांच्या कामी आले."

वाक्य टाळी घेणारं आहे. मला ते आवडलं नाही, आणि का आवडलं नाही हे कळायला मला काही दिवस लागले. वसईचा तह आपल्याला माहीत आहे. घोड्यावर बसलेल्या त्या माणसाला माहीत नव्हता. त्याच्यापुढे त्या सकाळी काय असेल? थकलेला पगार, त्या काळात थकलेला नाही असा पगारच नव्हता, वसुलीसाठी फौजा आपल्याच सरदारांच्या दारात धरणं धरून बसत. पागेतली घोडी, त्यांचा दाणावैरण. धन्याच्या एका भावाला हत्तीच्या पायी दिलेलं, दुसऱ्याला छाप्यात मारलेलं, आणि त्याचं पोर कैदेत. यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. त्यांना समोरच्या माणसांबद्दल राग असेल, आणि तो कोणी चढवलेला नव्हता, तो होण्यासारखंच घडलं होतं. यादवीतला राग खोटा असता तर बरं झालं असतं. तो खोटा नसतो, हीच तर अडचण.

'यादवी' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे प्रभासक्षेत्र येतं. दारू प्यालेले यादव, थट्टेवरून लागलेली ठिणगी, लव्हाळ्यांची झालेली मुसळं. त्या गोष्टीत मला नेहमी लव्हाळ्यांचं नवल वाटत आलं. किनाऱ्यावर उगवलेलं साधं गवत, हाताला येईल ते उपटायचं आणि भावाच्या डोक्यात घालायचं. हडपसरला गवत नव्हतं, तोफा होत्या, आणि त्या दोघांनीही परमुलुखातल्या माणसांकडून हौसेने ओतून घेतल्या होत्या.

बाकी घरात आम्ही शिंदे-होळकर भांडण चवीने केलं. सून होळकरांची, सासू शिंद्यांची. भाजी जळली की सासूबाई म्हणायच्या, "होळकरांना जाळायची सवयच." मी म्हणायचे, "आई, इंदूर तुम्ही जाळलंत, आम्ही नाही." सासरे वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "लाखेरी विसरू नका." लाखेरीची लढाई १ जून १७९३ ची, राजपुतान्यातली. तिथे द बॉयनने होळकरांची नवी कवायती फौज पार धुऊन काढली. सासऱ्यांना ती तारीख तोंडपाठ होती. लग्नाचा वाढदिवस नव्हता.

आणि मग त्यांच्या घरातलं वाक्य मला कळलं. त्यांच्याही देव्हाऱ्यात एक वीर होता. त्यांचंही वर्णन एका ओळीत संपायचं. 'होळकरांच्या लढाईत पडले.' कोणत्या, ते नाही. लाखेरी असेल, उज्जैन असेल, इंदूर असेल, पुणे असेल. होळकरांच्या लढाया काही कमी नव्हत्या. आमच्या घराने शत्रूचं नाव गाळलं होतं, यांनी शत्रूचं नाव ठेवून जागा आणि साल गाळलं. दोघांनी मिळून एक अख्खं वाक्य झालं असतं.

* * *

मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि घर घेतलं ते कुठे, तर मगरपट्ट्यात. म्हणजे हडपसर. मला हसावं की काय ते कळेना. पहिल्याच दिवाळीला आम्ही गेलो. दहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून मी सकाळभर बघत उभी होते. काचेच्या इमारती, सोलापूर रस्त्यावरचा पूल, गाडीतळाकडे वळणाऱ्या बसगाड्या. भूगोलाच्या बाईची सवय, मी चढ शोधत होते. तोफा जरा उंचावर लावल्या असतील, स्वार उतारावरून आले असतील. पण उंचवटे सगळे आता पार्किंगच्या खाली गेलेले. नकाशा सपाट झाला होता.

रिक्षावाल्याला विचारलं, इथे लढाई झाली होती, त्याची काही खूण आहे का? तो म्हणाला, "मावशी, हाडं पसरली म्हणून तर हडपसर." हे मी आणखी दोघांकडून ऐकलं. गावाचं नाव लढाईवरून पडलं यावर माझा विश्वास नाही, पण लोकांना ती लढाई हाडांपुरती तरी आठवते आहे, हे काय थोडं झालं! इंदूरला आमच्याकडे यशवंत क्लब आहे, यशवंत निवास रस्ता आहे, मोठं एम. वाय. हॉस्पिटल आहे. ते सगळे दुसरे यशवंतराव, विसाव्या शतकातले. लढाईतले यशवंतराव १८११ साली भानपुऱ्याला गेले, छत्रीही तिकडेच, मंदसौर जिल्ह्यात. इंदूरच्या माणसाचा दोघांत नेहमी घोळ होतो, आणि तो निस्तरायला फारसं कोणी जात नाही.

सूनबाईबरोबर मी वानवडीला शिंदे छत्री पाहायला गेले. जागा देखणी, झाडं जुनी. आत महादजींपुढे उभी राहिले आणि एकदम ओशाळल्यासारखं झालं. परक्या घरी न बोलावता जेवायला गेल्यासारखं. सून म्हणाली, "आई, हे आपल्याच बाजूचे ना?" तिला माझं माहेर आणि माझं सासर यांतला फरक कधीच लक्षात राहत नाही. मी म्हटलं, "हो, आजींच्या बाजूचे."

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक आजी होत्या, शनिवार पेठेत जन्म गेलेल्या. मी इंदूरची म्हटल्यावर पोहे-जलेबीची चौकशी झाली, मग मी उत्साहाने पुण्याच्या आजोबांची गोष्ट काढली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. "त्या लढाईनंतर होळकरांच्या माणसांनी पैशासाठी आमच्या वाड्याच्या फरश्या उखडल्या होत्या," त्या म्हणाल्या, "असं माझे सासरे सांगायचे." मी काय बोलणार? पुण्यात आधी फौजेला आवर होता, पण पुढे शहराकडून पैसा काढताना तो राहिला नाही, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. आमच्या घरातल्या चार वाक्यांत हे पाचवं वाक्य कधीच नव्हतं. टाकातल्या स्वाराच्या हातात नेहमी भाला असतो, पहार नसते.

मी म्हटलं, "आजी, आमचे तर लढाईतच गेले हो. फरश्यांपर्यंत पोचलेच नाहीत."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि चहात साखर किती ते विचारलं.

* * *

आप्पा गेले, मग आत्या गेली. मल्हारगंजातलं घर विकायला निघालं. मला भाऊ नाही. देवांचं काय करायचं हा प्रश्न आला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा चुलत घराण्यात गेल्या. वीराचा टाक कोणी घेईना. वीर म्हणजे जबाबदारी, त्याचं काही चुकलं तर घराला लागतं असं मानतात. चुलतभाऊ म्हणाला नदीत सोड. इंदूरच्या खान नदीत मी निर्माल्यसुद्धा सोडणार नाही, आजोबांना कशी सोडू?

माहेरचे देव सासरच्या देव्हाऱ्यात बसत नाहीत. हे मला माहीत होतं, तरी मी रुमालात गुंडाळून आणला आणि सासूबाईंपुढे ठेवला. तोवर सासरेही गेले होते, जनकगंजचं घरही विकलं गेलं होतं, आणि त्यांचे देव, वीरासकट, आमच्याकडे इंदूरला आले होते. सासूबाईंनी टाक उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बसव," म्हणाल्या. "पण वेगळ्या ताटलीत. आणि तोंड आमच्याकडे करून. होळकरांना पाठीशी ठेवायचं नाही."

त्याला आता नऊ वर्षं झाली. दोन ताटल्या, दोन स्वार. आमच्या टाकाला मी मागून नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. गेल्या दिवाळीला देव घासायचं काम मी नव्या बाईवर सोपवलं. तिने दंतमंजन लावून सगळं लखलखीत केलं, ठिपका खरवडून काढला ("काकू, डाग होता"), आणि ताटावर सगळे देव ओळीने मांडून ठेवले. त्यात दोन घोडेस्वार. मी दोन्ही हातात घेतले. वजन सारखं, भाला सारखा, घोडा एकाच बाजूला तोंड करून निघालेला. झीजही सारखीच, कारण नऊ वर्षं एकाच हातांनी घासलेले.

सासूबाई शहाऐंशीच्या आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं नको म्हणतात. मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त ताट पुढे केलं. त्यांनी बोटांनी चाचपलं. एक टाक उचलला, नाकाजवळ धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला.

"हा आमचा."

"कशावरून, आई?"

"घोड्याची शेपटी बघ की. वर उचललेली. शिंद्यांचा घोडा."

मी बघितलं. दोन्ही शेपट्या वर होत्या. मी तो त्यांच्या ताटलीत ठेवला, उरलेला माझ्या ताटलीत, आणि करंजी-चकलीच्या वाट्या भरायला आत गेले. या वेळी दोन भरल्या.